चर्चमधून जे वगळलं, त्याचं काम आता कोण करणार?

प्रश्न असा आहे: काँक्रीट, पोलाद, काच आणि आता संगणक, एलईडी, स्पीकर यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या आधुनिक चर्चमध्ये प्रार्थनेला पोषक असा भाव कशाने येतो? आणि बराच खर्च करूनही काही चर्चमध्ये सभागृहात बसल्यासारखं का वाटतं?

आधी थोडक्यात. नव्या तंत्रज्ञानाने वास्तुकाराला मुख्यतः एकच सवलत दिली, ती म्हणजे वगळण्याची. जाड भिंत, मधले खांब, उतरतं छप्पर, पुढे आलेल्या वळचणी, गिलावा, नक्षी हे सगळं आता वगळता येतं. चांगल्या आधुनिक चर्चमध्ये जे पवित्र वाटतं, ते बहुतेक वेळा या वगळण्यातूनच आलेलं असतं: रिकाम्या भिंतीवर सरकणारा प्रकाश, आधार न दिसणारं छत. पण जुनी जाड भिंत फक्त छप्पर तोलत नव्हती. ती ऊन थोपवायची, पाऊस बाहेर ठेवायची, रस्त्यावरचा गोंगाट अडवायची आणि तिच्या खाचाखोचांवर आपटून आतला आवाज विखुरला जायचा. भिंत गेली की ही कामं वाऱ्यावर पडतात. ज्या वास्तुकाराने पहिल्या रेखाटनातच ती दुसऱ्या कशावर तरी सोपवलेली असतात, त्याची वास्तू टिकते. नाहीतर काही वर्षांत तिथे पत्र्याची ठिगळं, सीलंटचे (सांधे बुजवणाऱ्या लवचीक लेपाचे) थर, लोंबते पंखे आणि भिंतीवर फोमचे चौकोन दिसू लागतात, आणि वगळून जे कमावलं होतं ते निघून जातं. पुढचं सगळं विवेचन याच हिशोबाचं आहे.

आधी उपासना, मग ढाचा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक धर्माध्यक्षांच्या जागतिक सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीवरचा दस्तऐवज मंजूर केला आणि भाविकांचा सक्रिय सहभाग हा कॅथलिक चर्चच्या रचनेचा मध्यबिंदू ठरला. वेदी मागच्या भिंतीपासून सुटी झाली. लोक लांबट रांगांऐवजी वेदीभोवती बसू लागले. पण या कल्पनेला लागणारी बांधणी त्याआधी तीस-चाळीस वर्षं तयार होत होती. ऑटो बार्टनिंग यांनी १९२८ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनासाठी पोलादी सांगाड्याचं आणि काचेचं प्रॉटेस्टंट चर्च उभारलं होतं. रुडॉल्फ श्वार्ट्झ यांनी १९३० मध्ये आखेनला बांधलेल्या फ्रोनलाइखनाम चर्चमध्ये तर वेदीमागची अख्खी भिंत पांढरी आणि कोरी ठेवली. त्या कोऱ्या भिंतीची हिंमत आजही फार थोडे जण करतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की वास्तुकाराने पहिल्या बैठकीत आकार दाखवू नये, प्रश्न विचारावेत. रोजच्या उपासनेला किती माणसं येतात आणि सणाला किती? वेदी, वाचनपीठ, बाप्तिस्म्याचं कुंड आणि गायकवृंद यांचं एकमेकांशी नातं काय? प्रवचन लांब असतं की गायन प्रमुख असतं? शेवटच्या प्रश्नावर सगळं ध्वनिशास्त्र अवलंबून आहे. संख्येचा प्रश्नही तितकाच अवघड. सणाच्या गर्दीसाठी बांधलेल्या चर्चमध्ये एरवी पन्नास माणसं बसली की पोकळी अंगावर येते. आल्वार आल्टो यांनी फिनलंडमधल्या वुओक्सेनिस्का इथल्या चर्चमध्ये (१९५८) हे सोडवलं ते ४२ सेंटिमीटर जाडीच्या सरकत्या भिंतींनी. एका वास्तूचे तीन भाग होतात, आणि भिंती जड असल्यामुळे शेजारच्या भागातली बैठक उपासनेत ऐकू येत नाही. बाजारातल्या घडीच्या हलक्या पार्टिशनने हे काम होणार नाही. सरकती भिंत घ्यायची असेल तर तिचं वजन, वरचा रूळ आणि कडांची सीलं हे सगळं ढाच्याच्या हिशोबात पहिल्या दिवसापासून धरा.

पातळपणाची किंमत

आधुनिक चर्चची सुरुवात बहुतेक जण ऑग्युस्त पेरे यांच्या पॅरिसजवळच्या ल रँसी इथल्या चर्चपासून धरतात. एप्रिल १९२२ मध्ये पायाभरणी झाली आणि जून १९२३ मध्ये चर्च खुलं झालं. ११ मीटर उंचीचे आणि बुंध्याशी जेमतेम ४३ सेंटिमीटर व्यासाचे खांब छत तोलतात. बाहेरच्या भिंतीवर भार नसल्याने ती कारखान्यात केल्यासारख्या सिमेंटच्या जाळ्यांची आणि रंगीत काचांची झाली. पैसा कमी होता, म्हणून काँक्रीट गिलाव्याविना उघडं राहिलं. आणि त्या उघडेपणाचंच पुढे सौंदर्य झालं.

मात्र त्या काळी सळीवर किती काँक्रीट हवं याचा अंदाज नव्हता. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरतो आणि त्याचा अल्कधर्म कमी होतो. हा थर सळीपर्यंत पोचला की सळी गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. ल रँसीच्या जाळ्यांचं नेमकं हेच झालं, आणि मोठी दुरुस्ती करावी लागली. म्हणून बाहेरच्या उघड्या काँक्रीटला ४० ते ५० मिलिमीटर कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) ही माझ्या दृष्टीने तडजोड न करण्याची गोष्ट आहे. नक्षीदार जाळ्यांत एवढं कव्हर बसतच नाही. तिथे स्टेनलेस स्टीलच्या सळ्या वापराव्यात. मालाची किंमत वाढते, पण जाळी उतरवून पुन्हा ओतण्यापेक्षा ती कमीच असते.

कवचासारख्या छतांचंही असंच. ल कॉर्बुझिए यांच्या रोंशां इथल्या प्रार्थनामंदिराचं (१९५५) छत दगडासारखं जड दिसतं, प्रत्यक्षात ती ६ सेंटिमीटर जाडीची दोन कवचं आहेत आणि त्यांच्यात २.२६ मीटरची पोकळी आहे. छत भिंतींवर टेकतही नाही. भिंतींत लपवलेले खांब ते उचलून धरतात, आणि भिंत व छत यांच्यामध्ये सुमारे १० सेंटिमीटरची प्रकाशाची फट राहते. जड वस्तू तरंगते आहे असं वाटायला लावणारी ती फट म्हणजे या विषयातला सगळ्यात चांगला धडा. आश्चर्य उत्पन्न करायला मोठी यंत्रणा लागली नाही, आधार कुठे दाखवायचा आणि कुठे लपवायचा एवढंच ठरवावं लागलं.

६ सेंटिमीटरच्या कवचात सळीची जाळी मध्यावर ठेवली तरी दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटरच उरतात. त्यामुळे वरून जलरोधक थर हवाच, आणि त्याचं आयुष्य संपल्यावर तो काढून नवा घालता येईल अशा कडा आधीच ठेवायला हव्यात. दुसरा धोका सेंटरिंग, म्हणजे ओतकामाखालचे तात्पुरते टेकू, काढताना असतो. कवच पूर्ण जोडलेलं असताना मजबूत असतं, अर्धवट आधारावर ते वेगळंच वागतं. फेलिक्स कँडेला यांच्यासारख्या जाणत्या माणसाच्या हातूनही मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथल्या खुल्या प्रार्थनामंदिराचं कवच सेंटरिंग उतरवताना कोसळलं आणि आकार बदलून पुन्हा बांधावं लागलं. टेकू कुठल्या क्रमाने, किती मिलिमीटर उतरवायचे हे अभियंत्याने लेखी द्यायचं असतं. ते साइटवर ठरवण्याचं काम नव्हे. मोकळ्या कडेचं खाली येणं प्रत्येक टप्प्याला मोजा, आणि हिशोबापेक्षा जास्त आलं तर थांबा.

सरळ दोऱ्यांतून वक्र भिंत

या सगळ्या परंपरेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते उरुग्वेमधलं अटलांटिडा इथलं ख्रिस्त कामगार चर्च. एलाडिओ डिएस्टे या अभियंत्याने ते १९५८ ते १९६० मध्ये विटांत बांधलं, आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सभामंडप साधारण १६ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब. बाजूच्या भिंती ७ मीटर उंच आणि फक्त ३० सेंटिमीटर जाड. एवढी उंच, पातळ आणि सरळ भिंत आडव्या जोरापुढे टिकली नसती. जुन्या काळी बाहेरून टेकूभिंती दिल्या असत्या. डिएस्टे यांनी भिंतीलाच लाट दिली.

ती लाट बांधायची कशी, हा भाग समजून घेण्यासारखा आहे. जमिनीवर भिंतीची रेघ सरळ आहे. वर, छताच्या पातळीवर, लाकडी साच्याने लाटेची रेघ आखलेली. खालच्या प्रत्येक बिंदूपासून वरच्या नेमून दिलेल्या बिंदूपर्यंत ताणलेला दोर सरळच असतो. गवंडी त्या दोराला धरून विटा लावत जातो. प्रत्येक दोर सरळ, पण शेजारच्या दोराचा कल थोडा वेगळा, म्हणून सगळी मिळून भिंत वळते. महाग शटरिंग (ओतकामाचा साचा) नाही, विशेष विटा नाहीत. छत म्हणजे विटांच्या दुहेरी वक्रतेच्या कमानी. त्यांचा बाहेरचा रेटा भिंतीच्या डोक्यावरची आडवी पट्टी आणि कमानींच्या खोलगट भागात दडवलेले ताणगज घेतात, त्यामुळे मंडपातून एकही लोखंडी गज आडवा जात नाही. भिंतीत लहान, रंगीत काचेची भोकं आहेत, उजेड विटेवर घासत येतो. शिवाय लाटेमुळे समोरासमोरच्या भिंती समांतर राहत नाहीत, म्हणून आवाज दोघींमध्ये टपटपत बसत नाही. एकाच वळणाने स्थैर्य, प्रकाश आणि ध्वनी अशी तीन कामं केली. वगळलेल्या टेकूभिंतीचं काम कुणावर सोपवलं, या प्रश्नाला याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

बार्सिलोनामधल्या गौदींच्या सग्रादा फामिलिया चर्चमागे हेच भूमितीशास्त्र आहे: सरळ रेषांनी बनणारे वक्र पृष्ठभाग. १९२६ मध्ये गौदी गेले, त्यांची प्लास्टरची मॉडेलं स्पेनच्या यादवी युद्धात फुटली, तरी काम पुढे नेता आलं ते या भूमितीमुळे. कुठल्या आकारांचे छेद कुठे घ्यायचे हे तुकड्यांवरून काढता येत होतं, आणि १९९० च्या दशकापासून विमान-उद्योगातलं सॉफ्टवेअर त्यासाठी वापरलं गेलं. मधल्या उंच मनोऱ्यांत दगडाची पटलंच पोलादी गजांनी ताणून, कार्यशाळेत तयार करून वर चढवली. दगड दाब घेतो, ताण घेत नाही. आधीच दाबून ठेवल्याने पातळ पटल वाऱ्याचा जोर सोसतं आणि पायावरचं वजन कमी होतं. संगणकाचा चांगला उपयोग असा दिसतो. जिथे फक्त गुंतागुंतीचा आकार काढता येतो म्हणून काढला जातो, तिथे प्रत्येक पटल वेगळं, प्रत्येक सांधा वेगळा, आणि पुढे एखादं पटल फुटलं तर ते पुन्हा बनवणारं कुणी मिळत नाही.

उघडं काँक्रीट बिघडतं कुठे

तादाओ अँडो यांचं जपानमधल्या इबाराकीचं प्रकाशाचं चर्च (१९८९) पाहून अनेक समित्या "तसंच साधं काँक्रीट" मागतात. ते साधं नसतं. गिलावा वगळला की गिलाव्याने झाकल्या जाणाऱ्या चुका झाकायला कुणी उरत नाही. ९० बाय १८० सेंटिमीटरच्या शटरिंगच्या खुणा आणि टाय रॉडची (साचा आवळून धरणाऱ्या गजांची) भोकं हीच तिथली नक्षी आहे, म्हणून भिंतीची लांबी-उंची, दारं, दिव्यांच्या जागा, स्विचबोर्डसुद्धा त्या मापात बसवावे लागतात. प्लायचा तुकडा कापून शेवटची जागा भरली की डोळा तिथेच अडतो.

खऱ्या भिंतीआधी किमान दीड बाय अडीच मीटरचा नमुना त्याच मजुरांकडून, त्याच मालात ओतून घ्या. त्यात एक कोपरा, एक जोड, एक खिडकीची कड आणि टायची भोकं असली पाहिजेत. चार आठवडे सुकू द्या, मगच पसंती द्या. ओल्या काँक्रीटचा रंग फसवा असतो. सिमेंट आणि वाळू शेवटपर्यंत एकाच ठिकाणची. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आसपास. थर ३० ते ५० सेंटिमीटरचे, आणि खालचा थर आवळायच्या आत वरचा पडला पाहिजे, नाहीतर कोल्ड जॉइंटची आडवी काळी रेघ कायमची राहते. शटरिंग सगळीकडे सारख्याच वयाला उतरवा, कारण दोन दिवसांत उघडलेलं आणि सहा दिवसांत उघडलेलं काँक्रीट वेगळ्या छटेचं निघतं. वर डोकावणाऱ्या सळ्या प्लास्टिकने गुंडाळून ठेवा. पावसात त्यांचा गंज ओघळून खालच्या तयार भिंतीवर पिवळे डाग पडतात, आणि हा दोष फार ठिकाणी दिसतो. छोटी छिद्रं मात्र राहू द्या. भरलेली छिद्रं काही महिन्यांत डागांसारखी उठून दिसतात.

प्रकाश

अँडोंच्या चर्चमधला क्रूस म्हणजे वेदीमागच्या भिंतीतल्या दोन फटी. तो एवढा तेजस्वी दिसतो, कारण बाकीची खोली मुद्दाम अंधारी ठेवली आहे. जमीन आणि बाकं गडद रंगवलेल्या साध्या फळ्यांची आहेत. आपल्याला दिसतो तो प्रकाशातला फरक. फटी तशाच ठेवून खोलीत पांढरी फरशी घातली आणि छताला दिव्यांच्या रांगा लावल्या तर तो क्रूस फिका पडेल. अनुकरण करणारे नेमकं हेच करतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वेदीमागे उजेड ठेवला की वेदीशी उभ्या असलेल्या धर्मगुरूंचा चेहरा काळा दिसतो. लहान मंदिरात हे चालून जातं, चारशे माणसांच्या चर्चमध्ये चालत नाही. तिथे उजेड बाजूने किंवा वरून, उगम लपवून वेदीवर आणावा. डेन्मार्कमधल्या बाग्सवेर्ड चर्चमध्ये (१९७६) यॉर्न उट्झॉन यांनी हेच केलं. बाहेरून कारखान्याच्या शेडसारखं कोरडं दिसणारं चर्च, आत फवारलेल्या काँक्रीटच्या ढगांसारख्या कवचांवरून वरच्या लपलेल्या खिडकीचा उजेड घरंगळत खाली येतो. काच भाविकांना दिसतच नाही.

डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाचा मार्ग हे प्रकाशयोजनेचंच अंग आहे. ऑस्कर नीमायर यांच्या ब्राझिलिया कॅथेड्रलमध्ये जमिनीखालच्या अंधाऱ्या उतारावरून माणूस उजेडाच्या घुमटात येतो. तिथली हिशोबाची बाजू मात्र आधी कच्ची होती. सोळा वक्र खांबांमधली काच सुरुवातीला बिनरंगी होती. मारियान पेरेट्टी यांची रंगीत काच १९९० मध्ये आली. थेट उन्हात साध्या काचेच्या दर चौरस मीटरमधून ६०० वॉटच्या आसपास उष्णता आत येते. म्हणजे शंभर चौरस मीटर काच म्हणजे ६० किलोवॉट, फक्त तिच्यासाठी सतरा टनांचं वातानुकूलन. काचेचं छत मनात आणण्याआधी हा गुणाकार करा.

कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हचं क्रिस्टल कॅथेड्रल (१९८०) दहा हजारांहून अधिक काचांचं. ते कॅथलिक धर्मप्रांताकडे गेल्यावर २०१९ मध्ये ख्रिस्त कॅथेड्रल म्हणून नव्याने खुलं झालं, तेव्हा काचेच्या आतून अॅल्युमिनियमच्या त्रिकोणी पाकळ्यांचं दुसरं आवरण दिलेलं होतं. ते ऊन आणि चकाकी तोडतं, आवाजही सुधारतं. भिंतीची वगळलेली कामं जवळजवळ चाळीस वर्षांनी पुन्हा भिंतीलाच, फक्त विरळ अशा भिंतीला, द्यावी लागली.

कृत्रिम दिव्यांबद्दल एवढंच: बाकांवर गीतपुस्तक वाचायला १५० ते २०० लक्स पुरतात, वेदीवर त्याच्या दोन-तीन पट. रंग २७०० ते ३००० केल्विन, रंगदर्शकता (वस्तूंचे रंग खरे दिसण्याचं माप) ९० च्या वर, आणि मंद करताना न लुकलुकणारे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे भाग. १२ मीटर उंचीवर दिवा लावण्याआधी तो बदलायचा कसा हे ठरवा. उचलणारी यंत्रगाडी दारातून आत येते का, फरशी तिचं वजन पेलते का? ड्रायव्हर दिव्यापासून दूर, हाताशी येणाऱ्या जागी ठेवता आले तर निम्मा त्रास वाचतो.

जाड काचेच्या तुकड्यांची, सिमेंटमध्ये किंवा इपॉक्सीत बसवलेली पटलं गेल्या शतकाच्या मध्यात फार वापरली गेली. इपॉक्सी तापल्यावर काचेपेक्षा कितीतरी जास्त पसरतं. वर्षानुवर्षांच्या ऊन-थंडीने काचेच्या कडा चिरतात आणि पाणी शिरतं. बाहेरून संरक्षक काच लावायची तर मधल्या पोकळीला खाली-वर हवा खेळायला वाट ठेवा, नाहीतर आत वाफ धरते आणि उष्णता कोंडते. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म स्मारक चर्चमध्ये (१९६१) एगॉन आयरमान यांनी निळ्या काचांच्या काँक्रीट जाळीची भिंत दुहेरी केली, पोकळीत दिवे ठेवले. रात्रीही भिंत आतून निळी उजळते, आणि बाहेरच्या गजबजलेल्या रस्त्याचा आवाज आत पोचत नाही. वगळलेल्या जाड भिंतीचं काम पोकळीने घेतलं.

आवाज

सर्वाधिक आधुनिक चर्च इथे फसतात, कारण नकाशात आवाज दिसत नाही. साबीन यांचं सूत्र सोपं आहे: घुमण्याचा काळ सेकंदांत म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण (पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषण-गुणांक). २४ मीटर लांब, १५ रुंद, १० उंच चर्च घ्या. घनफळ ३६०० घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून १५०० चौरस मीटर. सगळं उघडं काँक्रीट आणि दगडी फरशी असेल तर शोषणाचा गुणांक सुमारे ०.०२, म्हणजे एकूण शोषण ३०. भागाकार येतो १९ सेकंद. प्रत्यक्षात बाकं आणि हवा तो खाली आणतात, पण वाचन समजणार नाही एवढं नक्की. तीनशे माणसं बसली की माणशी ०.४५ धरून १३५ ची भर पडते आणि काळ साडेतीन सेकंदांवर येतो. ऑर्गनला हे गोड, प्रवचनाला जड. गायन आणि प्रवचन दोन्ही असलेल्या चर्चसाठी दोन सेकंदांच्या आसपास राहायचं तर आणखी १२५ शोषण लागेल.

ते कुठे घालायचं यावर चर्चचा चेहरा ठरतो. वेदीजवळचे पृष्ठभाग कठीणच ठेवा, तिथून निघणाऱ्या आवाजाला पहिली परावर्तनं हवीच असतात. शोषण मागच्या भिंतीवर, बाजूच्या भिंतींच्या वरच्या भागात आणि बाकांवरच्या गाद्यांत घाला. गाद्यांचा मोठा फायदा असा की रिकाम्या बाकाचं शोषण बसलेल्या माणसाच्या जवळ जातं, म्हणून पन्नास माणसांच्या आणि तीनशे माणसांच्या उपासनेत आवाज फार बदलत नाही. भोकांच्या विटा किंवा फटींचं लाकूड आणि मागे खनिज लोकर असा थर ढाच्यातच धरला तर तो ध्वनिशोषक आहे हे कुणाला कळतही नाही.

गोल छताची त्रिज्या छताच्या उंचीएवढी असेल तर आवाज नेमका बाकांवर गोळा होतो. त्रिज्या उंचीच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त ठेवा. समोरासमोरच्या कोऱ्या भिंती तीन-पाच अंशांनी कलत्या करा. हेलसिंकीच्या टेंपेलिआउकिओ चर्चमध्ये (१९६९) कातळ फोडून पोकळी केली आणि तो खडबडीत कातळ तसाच भिंत म्हणून ठेवला. वर २४ मीटर व्यासाचा तांब्याचा घुमट. घुमटाखाली गुळगुळीत गोल भिंत असती तर प्रतिध्वनींचा गोंधळ झाला असता. फुटलेल्या कातळाने आवाज विखुरला आणि तिथे आज उत्तम संगीत होतं. कातळातून झिरपणाऱ्या पाण्यालाही तिथे वाट करून दिली आहे.

स्पीकर हा शेवटचा उपाय. घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवला की घुमणंही वाढतं. बारीक, उभे स्तंभ-स्पीकर वेदीच्या बाजूला लावून आवाजाचा झोत फक्त बाकांवर ठेवा. मागच्या स्पीकरांना दर ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद या हिशोबाने उशीर द्या, म्हणजे आवाज बोलणाऱ्याकडूनच येतो असं वाटतं. शांततेसाठी पार्श्वभूमीचा आवाज ३० डेसिबलच्या आत हवा. याचा अर्थ वातानुकूलनाच्या जाळीतून हवा सेकंदाला दोन मीटरपेक्षा हळू, म्हणजेच नळ्या मोठ्या, म्हणजेच त्यांची जागा ढाच्यात आधीच. मौन प्रार्थनेत यंत्राची घरघर ऐकू येत असेल तर बाकी सगळा खर्च वाया गेला असं मी म्हणेन.

पाणी, सांधे आणि हलणारी जमीन

कोलोराडोतल्या अमेरिकी हवाईदल अकादमीचं प्रार्थनामंदिर (१९६२) सतरा शिखरांचं, अॅल्युमिनियमने मढवलेल्या शंभर चतुष्फलकांचं (चार त्रिकोणी बाजूंच्या आकारांचं). वॉल्टर नेत्श यांच्या मूळ आराखड्यात सांध्यांखाली पाणी वाहून नेणारी पत्र्याची आतली यंत्रणा होती. खर्च कमी करताना ती गाळली आणि सांधे नुसत्या सीलंटने भरले. ऊन-थंडीत धातू आकसतो-पसरतो, सीलंट सुटतं. गळती पहिल्यापासून होती. २०१९ मध्ये मंदिर बंद करून त्यावर तात्पुरतं भव्य आच्छादन उभारावं लागलं आणि आवरण उतरवून गाळलेली यंत्रणा नव्याने बसवण्याचं काम सुरू झालं. लिव्हरपूलच्या मेट्रोपॉलिटन कॅथेड्रललाही (१९६७) छताची गळती आणि काँक्रीटवरून सुटणारी मोझेक यांचा त्रास झाला.

नियम सरळ आहे. सीलंट दहा-वीस वर्षांत जातंच. म्हणून सीलंट ही पहिली फळी, आणि तिच्यामागे निव्वळ उतारावर चालणारी दुसरी वाट असलीच पाहिजे. सपाट छताला किमान ८० ला १ उतार, दोन निकास आणि एक उघडी सांडवाट, जिच्यातून पाणी पडलं की लोकांना कळेल की आत काहीतरी तुंबलंय. रोंशांमध्ये छताचं सगळं पाणी एका पन्हाळीतून खालच्या कुंडात पडतं. गरजेचा भाग लपवण्याऐवजी त्यालाच दर्शनीय केलं. पीटर झुमथोर यांनी जर्मनीतल्या मेखर्निखजवळ बांधलेल्या ब्रूडर क्लाउस मंदिरात (२००७) तर माथा उघडाच आहे. ११२ झाडांच्या खोडांभोवती काँक्रीटचे अर्ध्या मीटरचे २४ थर धुमसाने ठोकले, मग खोडं आतून जाळून काढली. पाऊस शिशाच्या जमिनीवर पडतो. एकांतातल्या लहान मंदिराला हे शोभतं. तिथे बाकांच्या रांगा आणि ध्वनियंत्रणा नाही, म्हणून जमतं.

भूकंपाच्या प्रदेशात, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ख्राइस्ट द लाइट कॅथेड्रलसारखी (२००८) वास्तू ३६ घर्षण-लंबक आधारांवर (खोलगट तबकडीत सरकणाऱ्या बैठकांवर) उभी राहते आणि जमीन हलली तरी स्वतः हळू डुलते. त्याची अट ही की भोवतालची मोकळी फट कायम मोकळी राहिली पाहिजे. पाण्याच्या, विजेच्या नळ्या त्या फटीवरून लवचीक जोडांनीच न्यायच्या. पुढे कुणी तिथे पायरी किंवा कुंड्यांचा कठडा बांधला तर सगळी यंत्रणा निकामी होते. याच चर्चमध्ये अॅल्युमिनियमच्या पटलांना ९४,००० छिद्रं पाडून ख्रिस्ताची प्रतिमा केली आहे, आणि ती दिसते फक्त उजेडाने. छिद्र म्हणजे पुन्हा वगळणंच.

शिगेरू बान यांच्या कागदी नळ्यांच्या चर्चबद्दल लोकांना कुतूहल असतं. कोबेच्या भूकंपानंतर १९९५ मध्ये ५८ नळ्यांचं चर्च स्वयंसेवकांनी उभारलं. दहा वर्षांनी ते उतरवून तैवानला नेलं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरातल्या त्यांच्या चर्चमध्ये (२०१३) छताला साठ सेंटिमीटर व्यासाच्या शंभराच्या आसपास नळ्या आहेत, पण भार पेलायला त्यांच्या आत लाकडी तुळया घातल्या आहेत. कागदाला पाण्यापासून जपावं लागतं, म्हणून वर पॉलिकार्बोनेटचं आवरण. घरं पडलेल्या लोकांना लवकर उपासनेची जागा मिळाली, हे या तंत्राचं खरं यश.

रोममधल्या रिचर्ड मायर यांच्या जुबिली चर्चमध्ये (२००३) टायटॅनियम डायऑक्साइडचं पांढरं सिमेंट वापरलं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यावरची सेंद्रिय घाण विघटित होते. पण ती धुऊन न्यायला पाणी सगळीकडे सारखं वाहायला हवं, आणि धुळीतल्या खनिजांवर या क्रियेचा परिणाम होत नाही. सावलीच्या बाजूला, वळचणीखाली आणि पाण्याचे ओघळ येतात तिथे फार अपेक्षा ठेवू नका. भिंतीच्या माथ्यावर पाणी मागे वळवणारी कड दिली तर कुठलंही काँक्रीट जास्त स्वच्छ राहतं.

पडदे आणि थेट प्रक्षेपणाबद्दल शेवटी. गीतांचे शब्द दाखवायचे तर पडदा वेदीच्या अक्षावर नको, बाजूला आणि वेदीपेक्षा कमी उजेडाचा हवा, आणि बंद असताना तो भिंतीत मिसळला पाहिजे. काळा आयत रिकाम्या भिंतीचा सगळा परिणाम खातो. कॅमेरे डोळ्यांच्या पातळीच्या थोडे वर, बाजूच्या मार्गिकेत. वेदीमागे खिडकी असेल तर कॅमेऱ्याला चेहरे काळे दिसतात, त्यासाठी वेदीवर बाजूने वेगळा दिवा धरून ठेवा. नळ्या टाकताना वेदी, वाचनपीठ, गायकवृंद आणि मागची नियंत्रण-जागा यांच्यामध्ये ५० मिलिमीटरच्या दोन-दोन रिकाम्या नळ्या आत दोरी ओवून सोडा. उघड्या काँक्रीटच्या भिंतीत नंतर खाच पाडता येत नाही, आणि ध्वनी-चित्राची उपकरणं दर दहा वर्षांत बदलतात.